‘थेट शेतातून’ म्हणजे नक्की कुठून?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यातल्या एका सुपरमार्केटमध्ये तुम्ही मेथीची जुडी घेतली. वर पाटी होती ‘नारायणगावच्या शेतातून थेट तुमच्या घरी’, बाजूला फेटा बांधलेल्या शेतकऱ्याचा हसरा फोटो, वेष्टनावर क्यूआर कोड. आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘हे काका आपली मेथी लावतात का?’ म्हणून तुम्ही कोड स्कॅन केला, तर कंपनीची जाहिरात सुरू झाली. मंडईत १५ रुपयांना मिळणारी जुडी इथे ३० ला. तुमचं म्हणणं एवढंच की हा शेतकरी खरा आहे का, वरचे १५ रुपये त्याला पोचतात का, आणि ही मेथी निदान खात्रीची तरी आहे का.

मी जुन्नर तालुक्यातला. १९ वर्षं भाजीपाला खरेदीत काढली. पहिली चार वाशीच्या बाजारात एका आडतीच्या गाळ्यावर, पुढची सगळी सुपरमार्केटवाल्यांच्या कलेक्शन सेंटरवर. म्हणजे तुम्ही त्या पाटीच्या पुढच्या बाजूला उभ्या होतात, मी मागच्या. तुम्ही एक म्हणून विचारलेत ते खरं तर तीन प्रश्न आहेत: माल कुठला, पैसा कुणाला, आणि खायला चांगला का. या तिघांची उत्तरं एकमेकांना बांधलेली नाहीत. पाटी लावणारा मात्र ती बांधलेली आहेत असं तुम्हाला वाटू देतो. आणि तुमची नेमकी ती जुडी कुठली होती हे मला इथे बसून सांगता येणार नाही. ते दुकान, महिना आणि त्या दिवशीचा पाऊस यावर ठरतं.

आधी फोटोतले काका, कारण मुलीचा प्रश्न तोच आहे. फोटोतला शेतकरी बहुतेक वेळा खरा असतो. आमच्या सेंटरवर मार्केटिंगची माणसं कॅमेरा घेऊन आली तेव्हा त्यांना एका बागायतदाराच्या रानात मीच घेऊन गेलो होतो. तारेवर चढवलेला टोमॅटोचा प्लॉट, फळ असं लगडलेलं की बघत राहावं. त्यांना फेटा हवा होता आणि आमचा गडी रोज साधी पांढरी टोपी घालणारा. शेवटी चुलत्याच्या घरून लग्नातला फेटा आणवला. फोटो झकास आला. पुढे दोन वर्षांनी हा पोराच्या ॲडमिशनसाठी पुण्यात गेला, एका दुकानात शिरला, तर टोमॅटोच्या ढिगावर आपणच हसतोय. तिथूनच मला फोन. ‘भाऊ, माझ्या रानात औंदा ऊस हाय. मग ह्ये टमाटे कुणाचे?’ मी त्या दिवशीची मालाची चलनं काढून पाहिली. माल कर्नाटकातल्या कोलारचा होता.

माणूस खरा, रान खरं, फोटोही खरा. फक्त त्या फोटोचा त्या ढिगाशी संबंध उरलेला नव्हता. पाटी छापायला पैसे लागतात आणि ती वर्षभर टिकते. टोमॅटोचा प्लॉट चार महिन्यांत संपतो. एवढं साधं गणित आहे त्यामागे. कुणी बसून लबाडी करत नाही, पाटी बदलायचं काम कुणाचंच नसतं एवढंच.

आता माल येतो कसा ते सांगतो, म्हणजे गावाचं नाव कुठे गळून पडतं ते कळेल. दुकानांकडून आदल्या रात्री इंडेंट यायचा: टोमॅटो एवढे कॅरेट, फ्लॉवर एवढा, मेथी एवढ्या जुड्या. सकाळी मी शेतकऱ्यांना फोन लावायचो. दुपारी तीनपासून पिकअप, छोटा हत्ती, कुणी मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कॅरेट बांधून, असे यायला लागायचे. काट्यावर वजन, पावतीवर शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, भाव. इथपर्यंत नाव शाबूत. पुढे माल प्रतवारीच्या टेबलावर जातो. टोमॅटोचं टेबल एकच, आणि इंडेंट ६० कॅरेटचा. तो पाच जणांच्या मालातून भरायचा. लाल एकीकडे, कवडी म्हणजे अर्धवट पिकलेला दुसरीकडे, बारीक आणि डागी परत. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जो कॅरेट भरतो त्यात पाचही जणांचं फळ असतं. त्या कॅरेटवर जे लेबल लागतं त्यावर आमच्या सेंटरचा कोड, तारीख आणि प्रत. शेतकरी पावतीपुरता उरतो. नाव गळतं ते या टेबलावर, पुढे कुठेही नाही.

वेगळं ठेवता येत नाही का? येतं. प्रत्येकाची प्रतवारी झाली की टेबल रिकामं करायचं, कॅरेटला त्याची चिठ्ठी लावायची, गाडीत वेगळी थप्पी, डीसीवर, म्हणजे जिथून माल सगळ्या दुकानांना वाटला जातो त्या गोदामावर, वेगळी जागा. पण गाडी संध्याकाळी आठला हलली नाही तर माल पहाटे दुकानात पोचत नाही, आणि सहा माणसांत हे बसत नाही. आम्ही एका हिवाळ्यात करून पाहिलं होतं. रोज दीड तास जादा लागायचा. वरून विचारणा आली, याने विक्री किती वाढली? वाढली नव्हती. बंद केलं.

मेथीचं तसं नाही, आणि इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण पालेभाजी हा माझा जिव्हाळ्याचा विषय. जुडीची प्रतवारी होत नाही. शेतात उपटली, मुळं झटकली, मुठीत धरली, बांधली, संपलं. तिला दुकानापर्यंत कुणी उघडायचं कारण नाही. म्हणजे जुडी हेच शेतकऱ्याचं पाकीट, आणि त्याची सही असते गाठीवर. बांधणाऱ्या बहुतेक बायका, शेकड्यावर मजुरी. कुणी सुतळीचे दोन वेढे मारून टोक आत खोचते, कुणी केळीच्या सोपटाची दोरी वापरते, कुणी एकच वेढा पण असा आवळते की देठं चेपतात आणि रात्रीतून काळी पडतात. चार-पाच वर्षांनी मला पावती न बघता गाठीवरून कळायचं की ही कुणाच्या रानातली. एकदा एका शेतकऱ्याची जुडी अचानक ढिली यायला लागली. विचारलं तर म्हणाला, बांधणारी मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, आता नवीन पोरी आहेत. दुकानात बसून हे कुठल्याच कोडने कळलं नसतं.

पण तुमची जुडी वेष्टनात होती असं तुम्ही लिहिलंय. मग ती बहुधा डीसीवर उघडली गेली. मुळं कापायची, पिवळी पानं काढायची, २०० किंवा २५० ग्रॅमची पुन्हा बांधणी, प्लास्टिकची बाही, त्यावर छापील कोड. तो कोड हजारो वेष्टनांवर एकच असतो, रोल आधीच छापून आलेला असतो. म्हणून तुम्हाला जाहिरात दिसली. बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख वेगळी, शाईने मारलेली असते. तो नंबर सांगतो की ही कुठल्या दिवशी कुठल्या शेडमध्ये भरली. शेत सांगत नाही.

आणि एक कबुली. इंडेंट भरला नाही की दुकानाचं शेल्फ रिकामं ठेवता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागली की मेथी सडते, शेतकरी फोन उचलत नाहीत. मग आमचा माणूस पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. ‘थेट शेतातून’ची मेथी त्या दिवसांत थेट गुलटेकडीतून यायची, पाटी तीच. आमच्या सेंटरवर हे वर्षातून थोडेच दिवस होई. पण ज्यांची खरेदीच मुळात बाजारातून होते त्यांच्याकडे बाराही महिने हेच.

मग मालाचं मूळ शेवटपर्यंत टिकतं असं काही आहे का? आहे, आणि तेही आपल्याच नाशिक-सांगली भागात: युरोपला जाणारी द्राक्षं. शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या अपेडा या संस्थेची ग्रेपनेट ही संगणकीय नोंद पद्धत २००६ पासून चालू आहे. बागाईतदाराला आपली बाग कृषी खात्याकडे निर्यातीसाठी नोंदवावी लागते, त्या प्लॉटला स्वतंत्र नंबर मिळतो. फवारणीची नोंद ठेवावी लागते. तोडणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची माणसं येऊन त्या प्लॉटमधून नमुना नेतात, कीडनाशकांचे अंश तपासतात. नमुना पास झाला तरच तो माल नोंदणीकृत पॅकहाऊसमध्ये, म्हणजे पेट्या भरायच्या शेडमध्ये, घेता येतो, आणि पेटीपासून पॅलेटपर्यंत ती ओळख सोबत जाते. न्हावाशेवाहून निघालेल्या कंटेनरमधल्या एखाद्या पेटीत रॉटरडॅमला काही सापडलं, तर इथे निफाड तालुक्यातल्या कुठल्या बागेचा माल ते काढता येतं. मी एका हंगामात पॅकहाऊसवर पाहुणा म्हणून दोन दिवस थांबलो होतो. एका बागेचा माल टेबलावरून पूर्ण उतरल्याशिवाय दुसऱ्याचा पहिला क्रेट कुणी आत घेत नव्हतं. आमच्या टोमॅटोच्या टेबलावर जे दीड तासाला महाग पडत होतं, ते इथे बिनबोभाट चाललेलं.

फरक कशाचा? माल परत येण्याच्या भीतीचा. तिकडे अख्खा कंटेनर अडतो, इथे फार तर तुम्ही जुडी परत करून ३० रुपये मागाल. ज्या बागेतली द्राक्षं नंबरासकट लंडनला जातात, त्याच बागेतली राहिलेली द्राक्षं पुण्याच्या दुकानात निनावी येतात. शेतकरी तोच, वेल तोच. लंडनच्या दुकानात त्या डब्यावर ‘भारत’ लिहिलेलं असतं, कारण युरोपात आणि ब्रिटनमध्ये ताज्या फळ-भाजीचा मूळ देश लिहावाच लागतो. आपल्याकडे आयात केलेल्या पॅकबंद मालावर देश लिहिणं सक्तीचं आहे, पण सुट्या देशी भाजीवर गाव-जिल्हा लिहायचं कुठलंही बंधन नाही. त्यामुळे पाटी ही दुकानदाराची मर्जी. लिहिली तर त्याची हौस, नाही लिहिली तर गुन्हा नाही.

तिकडे सगळं आलबेल आहे असंही समजू नका. देश लिहिण्याची सक्ती आहे, शेताच्या नावाची नाही, आणि त्या फटीत तिकडचे दुकानदारही हात घालतात. ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केट कंपनीने २०१६ मध्ये ‘रोझडीन फार्म्स’, ‘नाइटिंगेल फार्म्स’, ‘विलो फार्म्स’ अशा नावांनी फळं, भाज्या, मांस विकायला काढलं. गावरान इंग्रजी शेतांची वाटावीत अशी ही नावं. प्रत्यक्षात ती दुकानाची छापनावं होती; एकाच नावाखाली अनेक ठिकाणचा, परदेशातलासुद्धा माल यायचा. तिथल्या शेतकरी संघटनेने यावर जोरदार आक्षेप घेतला. त्यामुळे आमच्या गड्याच्या फेट्याचं मला फारसं वाईट वाटत नाही; तो निदान अस्तित्वात तरी होता.

तुमचा खात्रीचा प्रश्न इथेच येतो. माल कुठला हे कळलं म्हणजे तो चांगला हे कळलं, असं नाही. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे. बागाईतदार त्याला सीसीसी किंवा लिहोसीन म्हणतात. वेलीची वाढ आवरायला वापरलं जायचं. प्रत्येक पेटीचा प्लॉट माहीत होता, तपासण्याही झाल्या होत्या. पण तपासायच्या यादीत ते रसायनच नव्हतं. बागाईतदारांचं अतोनात नुकसान झालं. पत्ता बिनचूक असल्याचा उपयोग झाला तो नंतर, पुढच्या हंगामाची यादी सुधारायला. तेव्हा मेथीच्या वेष्टनावर उद्या खरंच शेताचा गट नंबर छापला, तरी ती घरी दोन-तीन पाण्यांतून धुवाच. ‘धुतलेली’ असं लिहिलेली पालेभाजी विहिरीच्या, कॅनॉलच्या की टँकरच्या पाण्यात धुतली, हे लेबलवर कुणी लिहीत नाही.

‘सेंद्रिय’ शब्दाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एका वाक्यात सांगतो: पॅकवर ‘जैविक भारत’चं चिन्ह असेल तर त्यामागे प्रमाणपत्राची साखळी असते, ‘विषमुक्त’, ‘नैसर्गिक’, ‘गावरान’ हे शब्द कुणीही छापू शकतो.

स्टिकर आणि बारकोडबद्दल मात्र दोन गैरसमज काढून टाकतो, कारण व्हॉट्सॲपवर ते दर दोन महिन्यांनी फिरतात. सफरचंदावरचा चार आकडी नंबर हा काउंटरवरच्या माणसासाठी असतो. तो फळाचा प्रकार आणि आकार सांगतो म्हणजे भाव बरोबर लागतो. केळ्याचा ४०११. पुढे ९ लावून पाच आकडी केला, ९४०११, तर सेंद्रिय. देश त्या नंबरातून कळत नाही. कळलाच तर शेजारी अक्षरात लिहिलेला असतो त्यातून. आणि ८ ने सुरू होणारा नंबर म्हणजे जनुक बदललेलं फळ, हे तुम्ही वाचलं असेल. तो आकडा त्यासाठी राखून ठेवला होता, पण दुकानातल्या फळांवर तो कधी वापरातच आला नाही. दुसरं, बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतात पिकला, हेही चूक. कंपनीने तो कोड बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएस१ या संस्थेच्या भारतातल्या शाखेकडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. आत न्यूझीलंडची किवी असू शकते.

मग खरा कोड कसा असतो? त्यासाठी देवगड हापूस बघा. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणं हा जुना धंदा. ‘हापूस’ला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावायचा हक्क, मिळालं २०१८ मध्ये, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पण मानांकन कागदावर, आंबा रस्त्यावर. २०२५ च्या हंगामापासून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर स्वतंत्र नंबरचं स्टिकर आणलं. नंबराचे दोन भाग. एक वरून दिसतो, दुसरा स्टिकरखाली दडलेला. दिसणारा भाग व्हॉट्सॲपवर पाठवला की खालचा काय असायला हवा ते उत्तर येतं, मग सोलून जुळवून बघायचं. लोकांना ही सोलायची गंमत आवडली. मला भावलं ते वेगळंच: शेतकऱ्याला स्टिकरं किती द्यायची ते त्याच्या झाडांवरून ठरतं. २०० झाडांचा मालक दोन लाख स्टिकरं मागू शकत नाही. बाहेरचा आंबा आत घुसवायला जागाच कमी उरते. कुठलीही योजना कुणी समोर ठेवली की मी हे एकच विचारतो: तुमच्या कोडांची संख्या पिकाच्या अंदाजाशी कुणी ताडून पाहतं का? नसेल, तर कोड कितीही देखणा असो, तो चिकटवणाऱ्याच्या इमानावर उभा आहे.

ब्लॉकचेनचंही तेच. ब्लॉकचेन म्हणजे एकदा केलेली नोंद मागाहून गुपचूप बदलता येत नाही अशी संगणकीय नोंदवही. वॉलमार्टने २०१६ च्या सुमारास अमेरिकेतल्या दुकानातल्या कापलेल्या आंब्याच्या एका डब्याचं मूळ शोधून पाहिलं. जुन्या पद्धतीने जवळपास ७ दिवस लागले, नव्या पद्धतीने २.२ सेकंद. काम मोठंच आहे. विषबाधा झाली तर ते सात दिवस जीवघेणे ठरतात. पण पहिली नोंद शेवटी आमच्यासारखाच कुणीतरी संध्याकाळी सात वाजता, गाडीवाला हॉर्न मारत असताना करतो. त्याने टेबलावरचा माल मिसळून एकाच शेतकऱ्याच्या नावावर टाकला, तर चुकीचं उत्तर २.२ सेकंदांत मिळेल.

म्हणजे आतापर्यंत एवढं झालं: फोटो जाहिरातीचा, छापील कोड रोलचा, नाव प्रतवारीच्या टेबलावर हरवतं, आणि जिथे माल परत येऊ शकतो तिथेच ते कुणी जपतं. आता पैसा.

३० रुपयांतले जादा १५ शेतकऱ्याला जातात का? नाही. सरळच सांगतो. आम्ही भाव कसा लावायचो माहीत आहे? नारायणगावच्या उपबाजारात मेथी-कोथिंबिरीचा लिलाव शेकड्याच्या भावाने होतो. तो भाव ऐकायचा आणि त्याच्या आसपास, चांगल्या मालाला थोडा वर, असा आमचा भाव. म्हणजे खरेदी बाजाराबाहेर, पण भाव ठरायचा बाजारातच. तुम्ही दिलेल्या जादा पैशातला मोठा वाटा जागेचं भाडं, एसी, वेष्टन आणि कचरा यांत जातो. पालेभाजीचा कचरा तर विचारू नका. मी १०० जुड्या पाठवल्या तर २०-२५ दुसऱ्या दिवशी डम्पमध्ये गेलेल्या मी पाहिल्यात. त्या फेकलेल्या जुड्यांचे पैसे उरलेल्या विकणाऱ्या जुड्यांवर चढतात. फक्त सुपरमार्केटच खातं असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या अभ्यासात ग्राहकाच्या एका रुपयातले टोमॅटोवाल्या शेतकऱ्याला सुमारे ३३ पैसे, कांदेवाल्याला ३६ आणि बटाटेवाल्याला ३७ पैसे मिळतात असं आलं. यात सगळा बाजार आला, मंडईसुद्धा.

तरी शेतकरी आमच्याकडे का यायचे? काटा इलेक्ट्रॉनिक, हमाली-तोलाईची कटकट नाही, पैसे चार-आठ दिवसांत खात्यावर. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, तेव्हापासून यातला काही फायदा बाजारातही मिळायला लागला. आणि आमच्याकडचा तोटा मोठा होता: आम्ही फक्त निवडक माल घ्यायचो. ५५ कॅरेट आणले, इंडेंट ४० चा, तर १५ परत. तो गाडीभाडं भरून तेच १५ कॅरेट पुन्हा बाजारात न्यायचा, तेही लिलाव आटोपत आल्यावर. शहाणे शेतकरी आधीच वाटणी करायचे, थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि रस्त्याकडेला स्वतःचं एक टेबल. त्यांच्यावर मी कधी चिडलो नाही. मीही तेच केलं असतं.

आता तुम्ही काय करायचं. वर्षातल्या तीन वेगवेगळ्या महिन्यांत त्याच दुकानात जा आणि पाटीवरचं गाव बघा. जून, नोव्हेंबर आणि एप्रिल, बारमाही एकच गाव असेल, तर ती भिंतीची सजावट आहे. भाजीला हंगाम असतो तसा गावालाही असतो. पावसाळ्यात वाटाणा पुरंदरचा, बटाटा आंबेगावातल्या सातगाव पठारावरचा, हे ऐकलं की मला पटतं. मे महिन्यात कुणी सातगाव पठारचा ताजा बटाटा म्हणाला तर मी हसेन, तेव्हा कोल्ड स्टोरेजचा माल चालतो. खडूच्या फळीवर हाताने लिहिलेलं आणि खोडून पुन्हा लिहिलेलं गाव मला छापील पाटीपेक्षा जास्त पटतं. दुसरं, दोन जुड्यांचे कोड स्कॅन करा. दोन्हींवर एकच पान उघडलं आणि त्यावर तोडणीची तारीख नसेल, तर पुढे बघायचं काही नाही. तिसरं, सकाळी लवकर जाऊन भाजी लावणाऱ्या पोराला विचारा, ‘आज मेथी कुठली आली?’ कॅरेटवर लेबल असतं, ते वाचून तो सांगेल. निदान कुठल्या सेंटरवरून आली ते कळेल. मॅनेजरला विचारू नका, तो पाटी वाचून दाखवेल.

हे सगळं करूनही शेतकऱ्याचंच नाव हवं असेल तर सुपरमार्केट ही त्याची जागा नाही. पणन मंडळाचे शेतकरी आठवडे बाजार पुण्यात भरतात, तिथे विकणाऱ्याला थेट विचारता येतं. तिथेही एखादा मार्केट यार्डातून उचलून आणलेला भेटेल. ओळखायची खूण म्हणजे टेबल: खऱ्या शेतकऱ्याकडे दोन-चार जिन्नस असतात आणि त्यातला एखादा वेडावाकडा असतो. ज्याच्याकडे मेथीपासून ब्रोकोलीपर्यंत बावीस भाज्या आहेत, त्याचं रान केवढं असेल याचा विचार करा.

मुलीला काय सांगायचं? फोटोतल्या काकांनी ही मेथी लावली का, हे आईला सांगता येत नाही, असंच सांगा. मुलांना ते चालतं. आणि पुढच्या वेळी वेष्टनातली न घेता मुळांसकटची, माती लागलेली जुडी घ्या. ओट्यावर ठेवून तिला गाठ सोडायला सांगा, कात्री न वापरता. सुतळीचं टोक कुठे खोचलंय ते शोधायला तिला वेळ लागेल. बांधणारी उजव्या हाताची होती की डावखुरी, याचा अंदाज वेढ्यांच्या दिशेवरून बांधता येतो. तिलाच ओळखू दे. काकांचा फोटो दुकानात राहिला, पण ही गाठ कुण्या मावशीने काल दुपारी बांधावर बसून मारलेली आहे, आणि तशा तिने त्या दिवशी तीन-चारशे मारल्या असतील.